शनिवारपर्यंत

शनिवारपर्यंत सांगा, म्हणाली ती गुरुग्रामची बाई,
आवेलिनच्या घरात तीन वर्षं भाड्यानं राहिलेली.
शनिवारी त्यांचा ट्रक. सोफा जाणार, कुंड्या जाणार,
कुत्रा नाही. चौदाव्या मजल्यावर
हे जनावर भिंती खाईल, म्हणाली.

बॉर्डर कॉली. काळा-पांढरा,
एक कान उभा, दुसरा अजून विचारात.
नाव पिक्सेल. चोडणात ते कुणाच्या जिभेवर बसेना,
त्याचं झालं पिशेल,
आणि पिशें म्हणजे वेडं, हे इथं वेगळं सांगावं लागत नाही.

कुठल्या तरी थंड डोंगरावरची
मेंढ्या वळायची जात.
चोडणात मेंढी नाही.
म्हणून तो बदकं वळतो, शाळेची पोरं वळतो,
पोदेराची सायकल फिरवून पुन्हा त्याच दारात आणतो.
एकदा मिसा सुटल्यावर घरी निघालेली माणसं
त्यानं चर्चच्या पायऱ्यांवर परत गोळा केली.
पाद्री खूश झाला, म्हणे.

मी बत्तीस वर्षं फेरीबोटीवर.
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
सरळ गेलो असतो तर आफ्रिका लागली असती.
आता पेन्शन, आणि उजव्या गुडघ्यात वाळू.
डॉक्टर कामतांनी एक्स-रे उजेडाला धरला,
म्हणाले, जिने टाळा.
कुत्र्याचं मी विचारलं नाही.

सुलक्षा आदोळीवर बसून तिसऱ्या उघडत होती.
एकेक शिंपी, एकेक मुद्दा.
दिवसाला दोन तास धावायला लागतं त्याला, कोण धावणार?
पावसात चार महिने ओले केस, कोण पुसणार?
चौदा वर्षं जगतात. तू त्रेसष्ट. बेरीज कर.
मी केली.
वाडग्यात शिंपल्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

आमच्याकडे कुत्रा पाळणं म्हणजे
उरलेला भात घालायचा आणि तो आपला म्हणायचा.
आमचा काळू रस्त्याच्या मधोमध निजायचा,
स्कूटर, बस, लग्नाची वरात, सगळी वळसा घालून जायची.
त्याला कुणाकडून काही नको होतं.
मेला तेव्हाही अर्धा दिवस
वाटलं, निजलाय.

बुधवारी म्हटलं, बघू तरी.
खाजनाच्या बांधावर दोरी सोडली.
आधी पोट जमिनीला टेकवलं त्यानं, मग नुसती एक रेघ,
मानशीपर्यंत. आणि परत.
माझ्या पायापाशी येऊन बघितलं, आहे ना हा?
पुन्हा मानस. पुन्हा मी.
बगळे उठले, बसले, उठले,
मग त्यांनी उठायचं सोडून दिलं.
मी मोजत होतो, सवयच ती. बावीस फेऱ्या.
कुठं पोचायचं नव्हतंच त्याला.
हे टोक आणि ते टोक
एकमेकांपासून सुटू नयेत, एवढंच.

हे काम मला माहीत आहे.

रात्री तिला सांगितलं.
ती म्हणाली, तू रिटायर झालास. तो नाही.
खरंच आहे.
दोन वर्षांनी मी काठीवर असेन
आणि तो अंगणात स्वतःची शेपटी वळत बसेल.
दया आली म्हणून हो म्हणू नये.
बोट भरली की भरली,
धक्क्यावर कुणी कितीही हात हलवो,
फळी उचलायची.
बत्तीस वर्षं उचलली.
काही चेहरे अजून तिथं उभे आहेत, ती गोष्ट निराळी.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार.
हरमलच्या मिरच्या आणल्या, सुके बांगडे,
एक कोयता, तिच्या चपलांना अंगठे,
आणि मेडिकलमधून नी-कॅप.
सुलक्षानं पिशवी पडवीत ओतली.
हे कुणाला?
गुडघ्याला.
तिनं पाकीट उलटंसुलटं केलं, किंमत वाचली,
आवेलिनच्या घराकडं एकदा बघितलं.
एकच आणलास? म्हणाली.
दुसरा पाय काय फेरीनं जाणार?